अर्धं मूल दाखल केलं होतं का?

आमच्या हॉस्पिटलच्या तळमजल्यावर एक्स-रेच्या खोलीला वळसा घातला की एक लांबट खोली लागते. दोन टेबलं, दोन टेलिफोन, एक खिडकी आणि भिंतीला टेकवलेल्या चार खुर्च्या. त्या खुर्च्यांवर हसत बसलेलं माणूस मी एकवीस वर्षांत पाहिलेलं नाही, कारण आमचा विभाग थकबाकीचा. दाराजवळच्या टेबलावर मी बसते. आलेले पैसे घ्यायचे आणि पावती द्यायची, एवढं माझं काम. खिडकीजवळच्या टेबलावर ती बसते. न आलेले पैसे आणायचे, हे तिचं.

तिचं खरं नाव हजेरीच्या यादीत आहे, पण ते कुणी वापरत नाही. झाडूवालीपासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत सगळे तिला सहीताई म्हणतात. त्याला कारण तिची काम करायची पद्धत. सकाळी फायलींचा गठ्ठा पुढ्यात घ्यायचा, पहिली फाईल उघडायची, पेशंटला दाखल करताना भरलेला फॉर्म काढायचा आणि अगदी तळाशी, जिथं 'बिलाची जबाबदारी माझी' असं छापलंय, तिथल्या सहीवर डाव्या हाताचं बोट ठेवायचं. ते बोट न हलवता उजव्या हातानं नंबर लावायचा. पलीकडून 'हॅलो' आलं की हिचा पहिला प्रश्न, "दाखल करताना सही कोणाची आहे?"

मग समोरचा काहीही सांगो. नोकरी गेली, भावानं फसवलं, पुढच्या महिन्यात नक्की. ती सगळं ऐकून घ्यायची आणि पुन्हा सहीवर यायची. आमच्या फॉर्मवर सहीची रेघ एकच आहे. घाईगर्दीत ज्याच्या हातात पेन आलं, तो अडकला.

सगळ्यात जास्त डोकं खायचे ते घटस्फोट घेतलेले आईबाप. बाप म्हणणार, मूल तिच्याकडे असतं, तिला विचारा. आई म्हणणार, कोर्टानं निम्मा खर्च त्याच्यावर टाकलाय, त्याला विचारा. दोघांनाही निकालपत्र तोंडपाठ. बिल आपलं या दारातून त्या दारात. सहीताई म्हणायची, "कोर्टाचं तुमचं तुम्ही बघा. आमच्याकडे सही तुमची आहे." एखादा फारच चिवट निघाला, निम्मेच भरणार म्हणून हटून बसला, की ती ठेवणीतला प्रश्न बाहेर काढायची. "निम्मे? अर्धं मूल दाखल केलं होतं का?"

पलीकडचा माणूस गप्प व्हायचा आणि मी तोंडावर रुमाल धरून हसायचे. आज सांगताना लाज वाटते, पण हसायचे.

तिचा स्वतःचाही घटस्फोट झालेला, चार वर्षांपूर्वी. का मोडलं ते मी विचारलं नाही आणि तिनंही कधी ताकास तूर लागू दिली नाही. नवरा काचवाला. खिडक्यांना, दुकानांना काचा बसवून देतो. मुलगी एकच, अकरा वर्षांची, आणि जिथं म्हणून चढता येतं तिथं चढणारी, म्हणून आम्ही तिला खारूताई म्हणतो. आठवडाभर ती आईकडे असते, रविवारी बापाकडे.

सहीताईला स्वस्थ बसणं ठाऊकच नाही. डबा उभ्यानं खाणार, फोनवर बोलताना वायर बोटाला गुंडाळत राहणार, पेनाचं टोपण दिवसातून शंभरदा काढणार आणि घालणार. कधी दहा मिनिटं एका जागी बसली, तर बरं नाही की काय म्हणून मी तिच्या कपाळाला हात लावून बघायचे.

ज्या रविवारी हे सगळं सुरू झालं, तो रविवार बापाचा होता. त्याला सकाळीच एका दुकानाची काच बसवायची होती, पण दुकानदार भेटला नाही. म्हणून गाडीच्या बाजूला माणसापेक्षा उंच काच तशीच बांधलेली ठेवून तो पोरीला बागेत घेऊन गेला. तिथं खारूताई लोखंडी शिडीच्या अगदी वरच्या दांडीवर चढली, हात सुटला आणि ती कोपरावर पडली. बापानं तिला उचललं आणि सरळ आमच्या हॉस्पिटलात आणलं. वाटेत आईला फोन केला. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते. घरातल्या चपलांवर धावत आली.

दारातल्या रखवालदारानं काचेची गाडी थांबू दिली नाही. पोरीला चाकाच्या खुर्चीत आईच्या हवाली करून बाप गाडी लावायला गेला. असली गाडी कुठंही लावता येत नाही. एक धक्का लागला की काचेचा चुरा. त्याला जागा सापडायला वीस मिनिटं लागली.

"मी गाडी लावायला गेलो होतो." हे वाक्य आम्ही इतक्या बापांच्या तोंडून ऐकलंय, की गावात गाड्या लावायला जागा उरत नाही ती यांच्यामुळेच, असं मला वाटायला लागलंय. पण हा खरोखरच गेला होता.

त्या वीस मिनिटांत काउंटरवरच्या मुलानं फॉर्म पुढे सरकवला. सहीताई, जिनं शेकडो लोकांना 'सही करण्याआधी वाचता येत नव्हतं का?' असं सुनावलं, तिनं एक अक्षर न वाचता सही ठोकली. पोरगी कळवळत होती. कोपराचं हाड निखळून मोडलं होतं. तासाभरात ऑपरेशन झालं, आत दोन तारा घातल्या आणि वरून प्लास्टर. डॉक्टर म्हणाले, तारा पाचव्या आठवड्यात काढायच्या. त्यापुढे राहू द्यायच्या नाहीत. आत पू झाला तर हात कायमचा आखडेल.

सोमवारी ती नेहमीच्या वेळेला कामावर हजर. मी म्हटलं, "रजा का नाही घेतलीस?" तर म्हणाली, "रजा घेतली की पगार कापतात, मावशी."

ही गोष्ट हॉस्पिटलात सगळ्यांना माहीत होती. दोन वर्षांपूर्वी तळमजल्यावरची निम्मी माणसं कायम नोकरीवरून काढून एका कंत्राटदाराच्या ताब्यात दिली. टेबल तेच, खुर्ची तीच, पगार कमी. मी जुनी म्हणून वाचले, ती नाही वाचली. कायम लोकांच्या मुलांना इथं उपचार फुकट. कंत्राटी लोकांच्या मुलांना नाही. म्हणजे खारूताईच्या कोपराचं पूर्ण बिल, तिच्या तीन महिन्यांच्या पगाराएवढं, तिच्या डोक्यावर.

तिसऱ्या सोमवारी थकबाकीची यादी आली. मी वरून खाली बोट फिरवत होते. अकराव्या ओळीवर बोट थांबलं. मी यादी उलटी करून ठेवली.

"बघितलीय मी," ती तिच्या टेबलावरून म्हणाली. "लपवू नका."

आमच्याकडे नियम आहे. स्वतःच्या नातेवाईकाची फाईल स्वतः हाताळायची नाही, दुसऱ्याला द्यायची. आणि तिथं दुसरं कोण, तर मीच. एकवीस वर्षं पावत्या फाडल्या, वसुलीचा फोन कधी केला नव्हता. मी म्हटलं, "राहू दे गं, मी लिहून टाकते फोन केला म्हणून."

तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "खोटं लिहायचं नाही. फोन करा. नंबर आहे ना फायलीत? लावा."

"अगं, तू समोर बसलीयस!"

"लावा, मावशी."

मी लावला. तिनं विभागातलाच नंबर लिहिला होता. चार हातांवरचा फोन खणखणला. तिनं दोन वेळा वाजू दिला आणि उचलला. मला आधी हसू फुटलं. तिचं तोंड बघितलं आणि ते जिरलं.

"दाखल करताना सही कोणाची आहे?" मी विचारलं.

"माझी."

"बिल कधी भरणार?"

"पुढच्या महिन्यात नक्की," ती म्हणाली. आणि हे वाक्य आपल्याच तोंडून ऐकून तिनं डोळे मिटून घेतले. बोटाला गुंडाळलेली वायर इतकी घट्ट, की बोटाचं टोक पांढरं पडलेलं.

"दोन आठवड्यांत तारा काढायच्यात. आधीचं बिल थकलं असेल तर पुढची तारीख मिळत नाही. फायलीवर लाल खूण आहे." हे मी तिला सांगत होते. ती लाल खूण लावायची पद्धत तिनंच सुरू केली होती. "हप्ते पाडून घेता येतील."

"हप्त्यांसाठी कायम उत्पन्नाचा माणूस लागतो. कंत्राटी चालत नाही. मीच किती जणांचे अर्ज परत पाठवलेत."

"मग मुलाचे वडील?" कागदावर पुढचा प्रश्न तोच होता. "त्यांचा नंबर द्या."

"देणार नाही." आणि तिनं फोन ठेवला.

मी उठून तिच्या टेबलाशी गेले. म्हटलं, "डोकं ठिकाणावर आहे का तुझं? कोर्टानं निम्मं त्याच्यावर टाकलंय. त्याच्या दिवशी पडली पोरगी. माग की!"

तेव्हा तिनं सांगितलं. आवाज अगदी बारीक करून, खोलीत आम्ही दोघीच असूनही. मुलगी आईकडे का द्यायची, याचं कारण निकालपत्रात लिहिलेलं होतं. 'आईची नोकरी कायम स्वरूपाची असून वडिलांचा व्यवसाय बेभरवशाचा आहे.' तेव्हा ते खरं होतं. दोन वर्षांपूर्वी नोकरी कंत्राटी झाली, हे तिनं त्याला सांगितलंच नव्हतं. त्याला अजून वाटत होतं की ती कायम आहे, आणि पोरीचं इथं सगळं फुकट होतं. म्हणून तर त्यानं तिला इथं आणलं. बिलाचा निम्मा हिस्सा मागायचा, तर तो विचारणार, बिल आलंच कसं? मग सगळं उघडं पडणार.

"त्याचं दुकान आता चांगलं चाललंय, मावशी. दोन माणसं ठेवलीत. तो कोर्टात गेला तर? ते एक वाक्य सोडलं तर माझ्याकडे काय आहे?"

 मी नुसती तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिला ते आवडत नाही. ती उठून फायली लावत बसली, आधीच लावलेल्या.

पुढचे आठ दिवस मी तिला बघत होते. तिनं भावाला विचारलं, बँकेत विचारलं, कंत्राटदाराच्या माणसाला विचारलं. सगळ्यांनी हात वर केले. मी माझ्याकडचे थोडे पुढे केले, तर म्हणाली, "तुमचे औषधांचे पैसे आहेत ते." दुपारी शाळा सुटली की खारूताई गळ्यात हात अडकवून आमच्याकडे यायची. प्लास्टरवर फारशी मोकळी जागा उरली नव्हती. मैत्रिणी, बाई, शेजारी, रखवालदार, सगळ्यांच्या सह्या. माझीही घेतली. मनगटापाशी तिच्या बाबाची सही होती, पहिल्या दिवसाची, तारखेसकट. तिच्या शेजारी पेनानं एक चौकोन आखून मोकळा ठेवला होता.

"हा कुणाचा गं?" मी विचारलं.

"आईचा. ती करतच नाही."

"मी कुठंही सही करत नाही आता," सहीताई मान वर न करता म्हणाली. तिला वाटलं विनोद केला. पोरगी हसली नाही.

एका संध्याकाळी पोरगी म्हणाली की कोपर आतून खाजतंय आणि गरम लागतंय. सहीताई तिला घेऊन वर डॉक्टरांकडे पळाली. मी खोलीत एकटी. समोर फाईल. पहिल्याच पानावर, तातडीच्या विभागात भरलेल्या चिठ्ठीवर, बापाचा नंबर होता. पोरीला खुर्चीत बसवताना त्यानंच सांगितलेला.

माझं डोकं फिरलं. तिची भीती खरी असेल, पण त्या पोरीच्या हाडात दोन तारा आहेत आणि ही ओठ घट्ट मिटून बसलीय, असं मला झालं. मनाशी ठरवलं, फक्त बिलाचं बोलायचं, नोकरीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. आणि नंबर लावला.

मागे काच कापल्याचा आवाज येत होता. मी कोण ते सांगितलं. म्हटलं, मुलीचं बिल थकलंय.

"कसलं बिल?" तो म्हणाला. "तिथं तिला सगळं फुकट असतं ना?"

"फुकट कायम लोकांना," मी म्हणाले.

शब्द तोंडातून गेला आणि मी जीभ चावली. पलीकडे काच कापायची थांबली. त्यानं एकच विचारलं, "कधीपासून?" मी फोन ठेवून दिला. म्हणजे उत्तर दिल्यासारखंच झालं.

सहीताई परत आली. कोपर ठीक होतं, प्लास्टर ओलं झाल्यामुळे खाज सुटली होती. पण डॉक्टरांनी बजावलं होतं, पुढचा गुरुवार चुकवू नका. मला लपवता आलं असतं. मी नाही लपवलं. सगळं सांगितलं, कसं बोलून गेले तेही.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. पेनाचं टोपण हातात तसंच धरून ती म्हणाली, "मावशी, तुम्ही माझी मुलगी घालवलीत."

ते वाक्य मी आजही विसरलेले नाही. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. दाराशी पाऊल वाजलं की तिची मान वर व्हायची, टपालवाला आला की ती उभी राहायची. कोर्टाची नोटीस कुठल्या रंगाच्या पाकिटात येते, हे तिनं रखवालदाराला विचारल्याचं मला नंतर कळलं. मीही घरी भाजी करपवली, दोनदा. नवरा गेल्यापासून मी एकटीच असते, बोलणार कोणाशी? स्वतःलाच शिव्या घातल्या. तोंडाला कुलूप नसलेल्या बाईनं वसुलीचे फोन करू नयेत.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो आला. उंच माणूस, बोटांवर कापल्याच्या बारीक बारीक खुणा, कमरेला मोजपट्टी, कानामागे पेन्सिल. कुणी सांगितलं नसताना चार खुर्च्यांपैकी तिच्या टेबलासमोरच्या खुर्चीवर बसला. सहीताई उभीच राहिली.

"वकिलाकडे जाऊन आलो," तो म्हणाला.

मी पावतीपुस्तकात तोंड खुपसलं. 

"मग?" ती म्हणाली.

"म्हणाला, केस चांगली आहे. नोकरी कायम नाही, हे तिनं दोन वर्षं लपवलं, हे कोर्टाला आवडणार नाही." तो तिच्याकडे बघत नव्हता, टेबलाच्या कडेकडे बघत होता. "मी बिलाचं सांगितलं. माझा निम्मा हिस्सा भरून टाकू का, विचारलं. तर म्हणाला, मुळीच भरू नका. सही तिची आहे. बिल थकू द्या. आईनं मुलीचं बिल थकवलं, हे कागदावर आलं की आपलं काम होतं."

सहीताईनं खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"मी म्हटलं, आणि तारा?" तो थांबला. "तर तो म्हणाला, तारांचं नंतर बघू."

 बाहेर एक्स-रेवाला कुणाचं तरी नाव पुकारत होता.

"तारांचं नंतर बघू म्हणाला तो," काचवाला पुन्हा म्हणाला, आणि आता त्याचा आवाज चढला. "माझ्या पोरीच्या हातातल्या तारा! मी उठून आलो. पण तुझं काय गं? दोन वर्षं? एका शब्दानं सांगता आलं नाही?"

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

त्यानं विचार केला. हे मला त्याचं आवडलं, की त्यानं खरंच विचार केला. मग म्हणाला, "तेव्हा कोर्टात गेलो असतो."

"आणि आता?"

"आता माहीत नाही. आधी तारा काढ. सही कुठं करायची?"

फाईल माझ्याकडे होती, म्हणजे अर्जही मीच द्यायचा. मी हप्त्यांचा अर्ज काढला. त्यावरही सहीची रेघ एकच. तो म्हणाला, "मी एकटा सगळं नाही उचलणार. कोर्टानं निम्मं म्हटलंय, निम्मं. अर्धं चालतं ना तुमच्याकडे?"

मी पेन खाली ठेवलं. सहीताईकडे बघितलं. तिचे कान लालबुंद झाले होते.

"चालतं," ती म्हणाली. मग घसा साफ करून, "आजपासून."

मी त्या रेघेखाली हातानं दुसरी रेघ ओढली. काचवाल्यानं मान तिरकी करून बघितलं. "वाकडी आलीय," म्हणाला. मोजपट्टी कमरेची काढली, कडेला धरली, कानामागची पेन्सिल घेतली आणि माझी रेघ खोडून नवी आखली, वरच्या रेघेपासून मोजून तेवढ्याच अंतरावर. वर त्यानं सही केली. खाली तिनं. याआधी या दोघांच्या सह्या एका कागदावर आल्या होत्या त्या घटस्फोटाच्या अर्जावर. त्याच्या कायम दुकानाच्या जोरावर अर्ज मंजूर झाला आणि लाल खूण मी माझ्या हातानं काढली.

तो गेल्यावर ती म्हणाली, "कोर्टात जाईल का हो, मावशी?" ती माझ्याशी बोलली, याचाच मला इतका आनंद झाला की मी म्हटलं, "नाही गं." खरं तर मला काय ठाऊक? तिलाही माहीत होतं की मला ठाऊक नाही. मग तिनं कपाटातून जुन्या फायली काढल्या. निम्मे भरतो म्हणणारे, तिनं फोनवर गप्प केलेले. एकेक उघडून ती वाचत बसली. सहीवर बोट न ठेवता.

गुरुवारी मी अर्धी सुट्टी टाकली आणि त्यांच्याबरोबर वर गेले. तारा काढायच्या खोलीबाहेर काउंटर आहे. तिथल्या मुलीनं फॉर्म पुढे सरकवला. "पालकांची सही. लवकर करा, डॉक्टर वाट बघतायत."

सहीताईनं पेन उचललं. फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. पेन खाली ठेवलं.

"त्याला येऊ दे," ती म्हणाली.

"कुठं आहेत ते?"

"गाडी लावतोय."

काउंटरवरच्या मुलीनं माझ्याकडे असं बघितलं की मला हसू आवरेना. पाच मिनिटं झाली. दहा झाली. सहीताई दारापासून जिन्यापर्यंत येरझारा घालत होती. कितव्यांदा तरी ती बाकापाशी आली, तेव्हा खारूताईनं प्लास्टरचा हात पुढे केला.

"आई, आता शेवटची संधी. हे कापणारेत."

"त्या कडेला जागा आहे बघ. तिथं करते."

"नाही. इथंच." तो मनगटापाशीचा चौकोन पाच आठवड्यांत मळून काळपट झाला होता, पण मोकळा होता. "मी कुणालाच करू दिली नाही. रखवालदारकाकांनापण नाही."

सहीताई बाकावर बसली. पेन काढलं. पूर्ण नावानिशी सही केली, जशी फॉर्मवर करतात तशी, आणि खाली तारीखही घातली. मग तिथंच बसून राहिली, पोरीचा हात मांडीवर घेऊन. तिला इतका वेळ बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होते.

काचवाला जिन्यानं धापा टाकत आला. "जागाच मिळत नव्हती," म्हणाला. फॉर्मवर त्यानं सही केली. त्याच्याखाली तिनं केली, मोकळ्या जागेत. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "एकच पुरते." कुणी तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

आत प्लास्टर कापणारा माणूस गोल पात्याची करवत घेऊन उभा होता. त्यानं खारूताईचा हात टेबलावर ठेवला, मनगटापासून वर एक रेघ मारली आणि करवत सुरू केली.

"थांबा, काका," ती म्हणाली. रेघ बरोबर दोन सह्यांच्या मधून जात होती. "तिथून नका कापू. आईबाबा एका तुकड्यात राहू देत."

त्यानं करवत बंद केली. आमच्या तिघांकडे बघितलं. सहीताई भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग त्यानं पोरीचा हात अलगद उलटा केला, मागच्या बाजूनं नवी रेघ मारली आणि तिथून कापायला सुरुवात केली.